गुपचुप

मनीषनगर, नागपूर
२२ जुलै २०२४

ती. सौ. आईंना,
हर्षाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. पक्षाघातानंतर बाबांचा डावा हात आता जरा उचलू लागला, हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या मैत्रिणी हसतात की या दिवसांत सासूला टपालाने पत्र कोण लिहितं. मी सांगते, माझ्या सासूचे कान यंत्रमागांनी नेले आणि मोबाइलवरची अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून मी लिहिते. खरं तर आता मलाच सवय लागली आहे.

काल रविवार, म्हणजे आमचा हिंडायचा दिवस. हे आठवडाभर वाडीच्या गोदामात ट्रकांच्या धुळीत असतात आणि मी पाळणाघरात दुसऱ्यांच्या लेकरांमागे. त्यामुळे रविवारी सकाळी घरात गॅस पेटवायचा नाही, असा आमचा कायदा आहे. पावसाची भुरभुर होती तरी गाडी काढली आणि बर्डीच्या पुढे नेहमीच्या ठेल्यावर तर्री-पोहे खायला गेलो. पोहेवाल्याने लाल जाळ तर्री ओतायला पळी उचलली, तर यांनी प्लेटवर हात आडवा धरला आणि म्हणाले की आज तर्री नको टाकू गा, नुसते दे. तो पळी तशीच धरून बघत राहिला. उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा, सावजी रश्शावर वाढलेला, आणि कोरडे पोहे मागतो. मी सगळ्यांसमोर विचारलं की काहून, पुण्याला बदली झाली का तुमची. ठेल्यावरचे सगळे हसले. हे म्हणाले की तोंडात जळजळते थोडं, पोट बिघडलं असन.

मग अंबाझरीचा तलाव भरून वाहतो आहे असं कळलं म्हणून तिकडे गेलो, तुषारांत मनसोक्त भिजलो, आणि फुटाळ्याला भुट्टा खाल्ला. तिथेही यांची तऱ्हाच. ना तिखट, ना लिंबू. आणि दातांनी ओरबाडायचं सोडून नखाने एकेक दाणा काढून खात बसले. माझा भुट्टा संपला, यांचा अर्धाही मीच संपवला.

उमरेडला कधी येता, असं तुम्ही विचारलंत. यांना सुटी मिळाली की येतोच. बाबांना नमस्कार. आहे तो लोभ असाच राहू द्यावा.

आपली,
हर्षा

उमरेड
३० जुलै २०२४

चि. सौ. हर्षास,
मैनाबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून लाज वाटली. तुझी नव्हे, माझ्या लेकाची. तर्री नको म्हणतो म्हणजे काय. त्याच्या आजोबांच्या ताटात रस्सा असा असायचा की बाजूला बसणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी यायचं. तो शहरात राहून मवाळ झाला आहे. गोडं वरण खाऊ घालून तूही त्याला बिघडवलंस. यावर एकच उपाय. जीभ ही हट्टी पोरासारखी असते, तिला हळूहळू वळणावर आणावं लागतं. ओळखीच्या वाहकाजवळ घरचा काळा मसाला एसटीने पाठवते आहे. पहिल्या आठवड्यात भाजीत चिमूटभर टाक, मग वाढवत जा. तोंड पोळलं म्हणून ओरडला तरी ऐकू नकोस. माझ्या नणंदेचा मुलगा परदेशातून असाच फिका होऊन आला होता, महिन्याभरात ताळ्यावर आणला.

तुम्हाला फुटाळ्याला जायला वेळ आहे, उमरेडला यायला नाही. दीड तासाची तर वाट. मी यांना सोडून निघू शकत नाही, नाही तर मीच आले असते. मला वैभवचं बोलणं बघायचं आहे. माझे कान गेले, पण माझ्या लेकराचे ओठ मला छापील अक्षरासारखे वाचता येतात, हे तुला माहीत आहे.

खर्रा सोडला आहे ना त्याने? लग्नात बापाच्या पायाला हात लावून शब्द दिला होता. गोदामातले सगळे दिवसभर पन्नीत तंबाखू-सुपारी घोटत बसतात, म्हणून विचारून ठेवते.

तब्येतीला जपा. म्हातारीवर माया ठेवा.

तुझी सासू,
मैनाबाई

मनीषनगर, नागपूर
५ सप्टेंबर २०२४

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

मसाला पोचला. डबा उघडला तर वरच्या मजल्यावरची बाई शिंकत खाली आली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वाढवत नेते आहे. हे घामाघूम होतात, भाजीत दही कालवतात, पण तुमच्या नावाने निमूट गिळतात. परवा डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी म्हणाले की आईनं पाठवलं आहे तं खाऊन घेतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला महाल भागात गेलो. गर्दी इतकी की मी यांच्या शर्टाचं टोक सोडलं नाही. काळी मारबत आली, पिवळी आली, लोक घसा फाटेस्तोवर ओरडत होते की इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत. दर वर्षी यांचा आवाज सगळ्यांत वर असतो. या वेळी नुसते ओठ हलवत उभे होते. मी कोपर मारलं की सभ्य गृहस्थ झालात की काय. तर हसले फक्त.

परत येताना गुपचुपच्या गाड्यावर थांबलो. पुण्या-मुंबईकडे ज्याला पाणीपुरी म्हणतात तीच. यांनी पहिली उचलली, ओठांशी नेली आणि परत खाली आणली. मग पुरी दोन बोटांत फोडून तुकडे खाल्ले, पाणी सगळं कोपरापर्यंत ओघळलं. गाडीवाला म्हणाला की साहेब, गुपचुप आहे हे, पोळी नाही. मला इतकं हसू आलं की ठसका लागला. हेही हसत होते, तोंडावर हात धरून.

तुम्ही जे विचारलं होतं त्याचं पुढच्या पत्रात लिहीन. कागद संपत आला. बाबांना सांगा, आम्ही लवकरच येतो.

आपल्या मायेची,
हर्षा

उमरेड
१४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. हर्षास,
आशीर्वाद.

कागद संपला म्हणालीस आणि मागची अख्खी बाजू कोरी. तेव्हा मला उत्तर मिळालं. तो खर्रा खातो.

त्यासाठी हे पत्र नाही. गुपचुप फोडून कुणी खातं का, हर्षा? तू हसलीस, मी पत्र वाचून आधी हसले. मग रात्रीचं जेवण झाल्यावर आमच्या मोहल्ल्यातल्या तुळसाबाईचा जितेंद्र डोळ्यांसमोर आला आणि मी तशीच कागद घेऊन बसले. त्याचंही आधी तिखट गेलं. मग भाकरी मोडून, मग भिजवून, मग चमचा आडवा जाईना म्हणून चमच्याचा दांडा. आम्ही सगळ्या बाया त्याला नवरी म्हणून चिडवत होतो, की नवरीसारखा लहान घास घेतो. खर्‍र्‍याने तोंड आतून आवळत जातं, असं मोठ्या दवाखान्यात गेल्यावर कळलं. तेव्हा फार उशीर झालेला होता.

आज त्याला समोर बसव आणि तोंड उघडायला सांग. त्याचीच तीन बोटं उभी आत जातात का बघ. गालाच्या आत बॅटरी मारून बघ, पांढरं आहे की लाल, काही जखम आहे का. जे दिसेल ते मला लिही. आणि तो मसाला फेकून दे. मी माझ्या हाताने कुटून लेकराच्या जखमेवर मिरची पाठवली असेल तर देव मला काय म्हणेल, ते मला नको सुचू दे.

उत्तर लगेच टाक. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
मैनाबाई

मनीषनगर, नागपूर
१९ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. पाळणाघरात दोन बाया सुटीवर, त्यामुळे मान वर करायला फुरसत नव्हती.

कोजागिरीला आम्ही रामटेकजवळ खिंडसीला गेलो होतो. तलावावर चांदणं असं पडलं होतं की पलीकडचा डोंगर हात लावावा इतका जवळ वाटत होता. थंडी सुरू झाली आहे. मी यांची शाल ओढून घेतली, हे तसेच बसले. आटवलेलं दूध घरून नेलं होतं, यांनी दोन पेले घेतले. दुपारी वाटेत एका ठिकाणी दहीभात मिळाला, तोही चांगला होता. त्याआधीच्या रविवारी इडली खाल्ली होती आणि नंतर मलई कुल्फी. यांना हल्ली कुल्फी फार आवडते.

चांदणं बघता बघता हे म्हणाले की पुढच्या वर्षीही इथंच येऊ. मी बरं म्हटलं.

दिवाळीला नक्की येतो. बाबांची मालिश चालू असेलच. लोभ ठेवा, मी चुकले तरी ठेवा.

आपली,
हर्षा

उमरेड
५ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षास,
आशीर्वाद.

मी बोटांचं विचारलं होतं, तू मला चांदणं लिहून पाठवलंस. दूध, दहीभात, इडली, कुल्फी. तुझ्या पत्रात माझ्या लेकाने खाल्लेलं सगळं पांढरं आहे.

आणि मग तो दिवाळीला आला तो तोंडावर मास्क बांधून. सर्दी झाली, आईबाबांना लागायला नको, असं त्याने पाटीवर लिहून दाखवलं. मी समोर बसले होते. त्याचे डोळे बोलत होते, मास्क आतून हलत होता, आणि मला एक शब्द कळला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मुलासमोर खरी बहिरी झाले. तासाभरात उठलात. चकलीचा डबा जसा दिला तसा पायरीवर राहिला.

तुम्ही गेल्यावर याच्या बापाने मला जवळ बोलावलं. त्यांचं अर्धंच तोंड हलतं, पण मी ते वाचते. पाया पडायला वाकला तेव्हा पोराच्या तोंडाचा वास आला, असं ते म्हणाले. नासल्याचा. अंथरुणात पडलेल्या माणसाला जे कळतं ते तुला रोज शेजारी झोपून कळत नसेल, असं मला वाटत नाही.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तू मला सून म्हणून नको, मुलगी म्हणून एक ओळ लिही. काय झालं आहे त्याला?

मैनाबाई

मनीषनगर, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

कर्करोग आहे, आई. उजव्या गालाच्या आत.

तुमचं सप्टेंबरचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी यांना बोटं घालायला लावली. दोनही नीट जाईनात. हे हसत होते, मी हसले नाही. आत बॅटरी मारली, पांढरट पडलेल्या चामडीत मागे एक जखम दिसली. दवाखान्यात नेईपर्यंत पंधरवडा गेला, कारण यांना गोदामातून सुटी मिळत नाही असं हे म्हणत होते. तपासायला तुकडा काढला. रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी कोजागिरी होती. आज चांद पाहू, मंग पाहू काय करायचं ते, असं म्हणाले. म्हणून आम्ही खिंडसीला गेलो.

डॉक्टर म्हणतात, गाल आणि जबड्याचा थोडा भाग काढावा लागेल, मांडीचं मांस लावून भरतील. जीभ वाचेल. बोलणं जड होईल, पण बोलता येईल. दिवाळीच्या आत करा म्हणाले होते. दिवाळी झाली.

हे तयार नाहीत. त्यांनी जितेंद्रला शेवटी बघितलं होतं. नाकात नळी घालून तो उपाशी मेला, ऑपरेशन करूनही मेला, तेच यांच्या डोक्यात बसलं आहे. म्हणतात की मले एक हिवाळा खाऊ दे. काटोलकडची संत्री, मग हुरडा, मग संक्रांत, मंग कापा म्हणा काय कापायचं ते. आणि तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. तुम्ही ओठ बघितले असते तर तिथल्या तिथे कळलं असतं, म्हणून तो मास्क. मला तो आदल्या दिवशी विकत आणायला लावला.

खर्रा आता बंद आहे. आधी बंद नव्हता. रविवारी निघायच्या आधी मीच पन्नीत घोटून द्यायचे, म्हणजे यांना वाटेत थांबावं लागू नये.

तुम्ही मला बोल लावाल तो खरा आहे. पण एक सांगते. रविवारी सकाळी हे गाडीला किक मारतात आणि मागे वळून कुठे जायचं असं विचारतात, तेव्हा मला वाटतं की काहीच झालेलं नाही. मलाही ते रविवार सोडवत नाहीत. मी यांच्याशी भांडते ते सोमवार ते शनिवार. रविवारी मी मागे बसते.

तुम्ही यांना लिहा. माझं ऐकत नाहीत.

तुमची,
हर्षा

उमरेड
१९ नोव्हेंबर २०२४

चि. वैभवास,
आईचे आशीर्वाद.

हर्षावर चिडू नकोस. तिने शपथ मोडली नाही, मी मोडायला लावली.

जितेंद्र उपाशी मेला, हे खरं. मी तुळसाबाईच्या शेजारीच बसले होते. पण तो कापल्यामुळे मेला नाही, थांबल्यामुळे मेला. आधी दिवाळी होऊ द्या म्हणाला, मग बहिणीचं लग्न होऊ द्या म्हणाला. हे तू सोयीने विसरतोस. हुरडा दर वर्षी येतो. एक वर्ष खाल्ला नाहीस तर ज्वारी रुसत नाही.

तुला वाटत असेल, तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं, चव गेली, तर माणसात राहिलं काय. मग माझ्याकडे बघ. तू पाचवीत होतास तेव्हा माझे कान पुरते गेले. त्यानंतर तुझा आवाज फुटला, तुला मिसरूड आलं, तू नोकरीला लागलास, लग्नात तू नाव घेतलंस तेव्हा मांडव हसला. तुझा तो मोठेपणीचा आवाज मी एकदाही ऐकलेला नाही. लोक म्हणतात बापासारखा आहे. असेल. मी लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवून आहे. म्हणून तू माझा मुलगा व्हायचा राहिलास का? मी तुझ्याशी बोलायची राहिले का? एवढी मोठी वस्तू गेली तरी माणूस राहतो, बाबा. मी राहिले आहे.

मला तुझा गाल नको, तुझं बोलणं नको, मला तू पाहिजेस. ओठ वाचता आले नाहीत तर दोघांच्या मध्ये पाटी ठेवू.

हे पत्र मिळेल त्याच दिवशी जा. रविवारची वाट बघू नकोस.

तुझी आई

मनीषनगर, नागपूर
१८ डिसेंबर २०२४

ती. आईस,
वैभवचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाठ होईपर्यंत वाचलं. आणि गेलो नाही. रोज सकाळी वाटायचं उद्या जाऊ, आणि रविवारी वाटायचं आज तर रविवार आहे.

संत्री झाली. रस काढून प्यावा लागला, पण झाली. गेल्या रविवारी हुरड्याला कळमेश्वरच्या पुढे रोहितच्या शेतात गेलो. रोहित म्हणजे गोदामातला माझा सोबती. गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, त्यात कणसं, त्याची बायको काजल गरम कणीस हातावर चोळून दाणे देत होती. शेंगदाण्याची चटणी, गूळ, ताक, सगळं होतं आई. माझ्या तोंडात दाणा जात नव्हता. हर्षाने हुरडा दगडाने ठेचला, ताकात कालवला, आणि मी तो चमच्याच्या दांड्याने आत ढकलला. थोड्या वेळाने वाटीतलं ताक लाल दिसायला लागलं. काजल उगाच कणसं मोजायला लागली. मी इतके दिवस कशासाठी थांबलो होतो, तर यासाठी. तेव्हा मीच हर्षाला म्हटलं की चाल, दवाखान्यात नेऊन टाक मले.

डॉक्टरांनी दिवा घालून बघितलं, मग खुर्ची मागे सरकवून बसले. ऑक्टोबरमध्ये गालापुरतं होतं. आता जिभेच्या मुळापर्यंत गेलं आहे आणि मानेत गाठी आहेत. जीभ ठेवता येणार नाही. बोलणं बोबडं होईल म्हणून भ्यालो होतो, आता बोलणंच जाणार. यावरही कुणी हसलं तर मी रागावणार नाही.

तू लिहिलंस की माझा आवाज तू ऐकलेला नाहीस. माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. तुझ्यासमोर मी कितीदा आवाज काढायचाच विसरायचो, नुसते ओठ हलवायचो आणि तुला सगळं कळायचं. त्यामुळे मला वाटायचं तू ऐकतेसच.

सोमवारी ऑपरेशन आहे. बाबांना एकटं टाकून आधी येऊ नकोस. झाल्यावर ये. मला भीती वाटते आहे, हे हर्षाला सांगितलं नाही, तुला सांगतो.

तुझा,
वैभव

उमरेड
८ जानेवारी २०२५

चि. हर्षास,
खूप आशीर्वाद.

मी घरी नीट पोचले. तुळसाबाई यांच्याजवळ बसली होती म्हणून मला येता आलं. तिने मला काही विचारलं नाही. तिला विचारायची गरज नव्हती.

तिथे तुझ्यासमोर मी रडले नाही, बसमध्ये रडले. पाटी घेऊन आले होते. त्याने खडू हातात धरला, माझ्याकडे बघितलं आणि काही लिहिलं नाही. मग ओठ हलवायचा प्रयत्न केला. पूर्वी त्याचा ओठ नुसता थरथरला तरी मला अख्खं वाक्य कळायचं. आता जे हलत होतं त्यात अक्षरच नव्हतं. पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की मला तुझं बोलणं नको. देवाने तेवढंच ऐकलं.

तुझ्याजवळ एक मागते. त्याचा लहानपणचा आवाज माझ्याजवळ आहे. शाळा सुटली की तो शेडच्या दारात उभा राहायचा आणि माय, भूक लागली, असं ओरडायचा. भूकमधला ऊ लांबवत न्यायचा. बारीक, टोकदार आवाज, मागांच्या खडखडाटावरून सरळ माझ्यापर्यंत यायचा. कान जात चालले तेव्हा मालकाची हाक गेली, भोंगा गेला, तरी तो येत होता. मग एक दिवस तो दारात उभा दिसला, तोंड उघडं, आणि काही आलं नाही.

त्याच्या पुढचा तुझ्याजवळ आहे. तो आवाज कसा होता ते मला लिहून पाठव. बापासारखा होता असं लिहू नकोस. बापाचा तरी मी कुठे नीट ऐकला, दोघंही मागावर. तू लिहिशील तसा मी तो ठेवून घेईन.

जेवत जा. लोभ आहेच, त्याला सांगावं लागत नाही.

तुझी,
आई

मनीषनगर, नागपूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

यांचं किरणांचं शेकणं चालू झालं आहे. नाकातल्या नळीने दूध आणि पातळ पेज देते. मानेतल्या गाठींचं डॉक्टर अजून काही बोलत नाहीत, आणि मीही विचारायचं टाळते. गेल्या रविवारी यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात आणून दिली. मी पुढे बसले, हे मागे. फुटाळ्यापर्यंत जाऊन आलो. मी काही खाल्लं नाही तर यांनी चिडून मान फिरवली, म्हणून एक चहा घेतला. मला तो जाईना.

आता तुम्ही मागितलेलं. चार वेळा लिहायला बसले आणि कागद फाडले. कसा होता म्हणून सांगू? जाड होता. घशात थोडी खरखर होती, सकाळी जास्त. गोदामात ट्रकवाल्यांना हाका मारून मोठ्याने बोलायची सवय होती, त्यामुळे घरातही शेजारी ऐकतील असं बोलायचे आणि मी रागावले की एकदम कुजबुजायला लागायचे. हसू यायचं तेव्हा आधी आवाज बंद व्हायचा, खांदे हलायचे, आणि मग उशिरा एकदम फुटायचा. गाणं भयंकर होतं. हर्षा म्हणताना र्ष वर जोर द्यायचे. काहून वं, असं विचारायचे तेव्हा वं इतका हळू यायचा की तो फक्त मलाच ऐकू जायचा. गाडी चालवताना मागे वळून बोलायचे आणि अर्धं वारा न्यायचा. मी न ऐकताच हो म्हणायचे. त्या सगळ्या रविवारी ते काय काय बोलले त्यातलं निम्मं मला माहीत नाही, आई. आता त्याचं फार वाईट वाटतं. शेवटचे दोन महिने आवाज दाटून आला होता, तो मी यात धरलेला नाही.

शेवटचं काय बोलले तेही लिहिते. त्यांना ऑपरेशनला आत नेत होते, अंगावरचे कपडे काढून माझ्या हातात दिलेले. मला वाटलं होतं, काहीतरी बोलतील, मीही काहीतरी मनात ठरवून उभी होते. त्यांनी खुणेने जवळ बोलावलं आणि म्हणाले की पार्किंगची चिठ्ठी माह्या खिशात आहे, काढून ठेव, नाही तं तो गाडी नाही काढू देत. एवढंच. मी बरं म्हटलं. मग मला वाटलं, अजून एकदा बोलायला लावावं. म्हणून चिठ्ठी कुठे आहे ते कळलं असूनही मी विचारलं, कोणत्या खिशात?

तर ते बोलले नाहीत. त्यांनी बोटाने दाखवलं.

बाबांना नमस्कार. आम्हा दोघांवरची माया कमी होऊ देऊ नये.

आपली,
हर्षा